नमुना ग्रामसभेचा चौथा ठराव

सावळखेडीत ग्रामसभा होत नाही, असं कोणी म्हणालं की ग्रामसेवक योगेंद्र लगेच लाल रजिस्टर काढून दाखवायचा. वर्षाच्या चार सभा, एकही चुकलेली नाही. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर. कागदावर पाहिलं तर सावळखेडीइतकं जागरूक गाव अख्ख्या समुद्रपूर तालुक्यात सापडलं नसतं.

आता ही सभा व्हायची कशी, ते ऐका. नोटीस लागायची ग्रामपंचायतीच्या दारालाच, पण दाराच्या आतल्या बाजूनं. सभेची वेळ सकाळी दहा. सकाळी दहाला गावातल्या अर्ध्या बाया जवळच्या जाम गावच्या चौकात वांगी-मेथीचे ढीग मांडून बसलेल्या, आणि माणसं वावरात. मग सरपंच प्रेमदास, योगेंद्र, चपराशी कवडू आणि पारावरचे सातआठ रिकामे गडी, एवढेच जमायचे. कोरम नाही म्हणून सभा तहकूब व्हायची. अर्ध्या तासानं चहा पिऊन तेच लोक त्याच खुर्च्यांवर पुन्हा बसायचे, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. आणि तहकूब सभेत नवा विषयही घेता येत नाही. हा नियम ज्यानं लिहिला त्याचे पाय धुवून पाणी प्यावं, इतका तो सरपंच लोकांच्या सोयीचा आहे.

संध्याकाळी कवडू ते लाल रजिस्टर काखेत मारून घरोघर निघायचा. बरोबर स्वयंपाकाच्या वेळेला. बाईचे हात पिठात, चुलीवर भाकर, दारात कवडू. "काकू, सही." बाई पदराला हात पुसायची, पेन घ्यायची, सही करायची आणि भाकर उलटायला पळायची. कशाची सही, हे विचारायला भाकर थांबत नसते. तहकूब सभेला एवढ्या सह्यांची गरज नव्हती, पण पान भरलेलं दिसलं की वरचा साहेब दुसऱ्या पानाकडे जात नाही, हे योगेंद्रला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

ह्या गावात पंचफुला राहायची. गावात म्हणजे गावाबाहेर, डांबरी रस्त्यापासून अर्धा कोस आत, आपल्या भाजीच्या वाडीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पोरगा वैभव जामला एका गोदामात कामाला, सून जया घरी. वाडीतून डांबरीवर यायला एकच पांधण, म्हणजे बैलगाडीपुरती मातीची वाट, आजोबा-पणजोबांच्या वेळची. आणि त्या पांधणीच्या तोंडावर नऊ वर्षांपासून सरपंच प्रेमदासचा गोठा उभा होता. गोठा कसला, चांगला टिनाचा मांडव, गव्हाण आणि भोवती काटेरी तार. त्याच्या बाजूनं माणूस कसाबसा आडवा होऊन निघायचा. गाडी काही निघत नव्हती.

उन्हाळ्यात पंचफुला डोक्यावर टोपली घेऊन तिथून निघायची. पावसाळ्यात काळी माती गुडघ्यापर्यंत धरायची. पण भाजीचं सोडा, भाजी सडली तरी पुन्हा उगवते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात जयाचं पोट दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्स डांबरीवर येऊन उभी राहिली आणि गोठ्याच्या पुढे येईना. चार माणसांनी जयाला खाटेवर घातलं, चिखलातून नेताना एकाचा पाय घसरला, खाट कलली. सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दोन तास गेले. लेकरू गेलं. पोरगी होती. पंचफुलानं तिला एकदाच पाहिलं आणि त्या दिवसापासून गोठ्याजवळून जाताना ती थुंकल्याशिवाय पुढे जात नव्हती.

आता जयाला पुन्हा दिवस गेले होते. ऑगस्ट लागल्यावर तारीख दिलेली. म्हणजे पुन्हा पावसाळा, पुन्हा तोच चिखल आणि तोच गोठा.

पंचफुला दर सभेला धावत यायची. जामहून उरलेली भाजी मिळेल त्या भावात देऊन, ऑटोला लोंबकळून, अकराला दारात हजर.

"सरपंचजी, पांधणीचा विषय घ्या."

"घेतला असता जी वयनी," प्रेमदास फार नम्रपणे म्हणायचा. ह्या माणसानं आयुष्यात कोणाला वाकडा शब्द ऐकवला नाही, आणि कोणाचं सरळ कामही केलं नाही. "पन आता सभा तहकूब झाली ना. नवा विषय घेता येत नाई. कायदा आहे. पुढच्या टायमाले दहाच्या आत येजा."

पुढच्या वेळेला ती नऊलाच आली तर सभा आठला झालेली होती.

अशात एप्रिलच्या शेवटी गावात रथ आला. त्याच्या अंगावर लिहिलं होतं, 'नागरिक जागर रथ: जागा हो, नागरिका'. मूळची ती कोंबड्या वाहणारी गाडी होती. रंग मारला, पडदा लावला, भोंगा बसवला की झाला रथ. त्यातून नीरज नावाचा पोरगा उतरला. नागपूरचा, गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरेशुभ्र बूट. पोरगा मनानं चांगला होता, उगाच नाव ठेवायला नको. पण त्याला बेचाळीस दिवसांत साठ गावं जागी करायची होती, आणि एवढ्या वेगानं तर कोंबडाही गाव जागं करत नाही.

त्याच्याकडे फॉर्मचे दोन गठ्ठे होते. एक 'जागृतीपूर्व', एक 'जागृतीनंतर'. जागृतीपूर्व गावकऱ्यांना हक्कांची माहिती वीस टक्के, जागृतीनंतर नव्वद टक्के. दोन्ही गठ्ठे त्यानं जामला हॉटेलात नाश्ता करतानाच भरून टाकले होते, कारण नंतर वेळ मिळत नाही.

रथ संध्याकाळी पाचला आला, त्यामुळे बाया घरी होत्या. भोंग्यावर गाणी लागली, मुलांना टोप्या मिळाल्या, चिवडा आहे असं कळलं आणि बघता बघता शाळेच्या पटांगणात दीडशेच्या वर माणूस जमलं. प्रेमदासनं इतकी गर्दी फक्त भागवत सप्ताहाच्या जेवणाला पाहिली होती. तो धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत येऊन बसला.

नीरजनं आधी भाषण दिलं. "कोणत्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका," असं तो म्हणाला आणि सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. कवडूनं सगळ्यात मोठ्यानं म्हटलं. मग नीरज म्हणाला, "आता आपण नमुना ग्रामसभा घेऊ. म्हणजे खोटी-खोटी. खरी कशी असते, ते समजावं म्हणून."

"बरं झालं," मागून सुमित्राबाई म्हणाली. "खरी तं आमी कधी पाह्यलीच नाई."

सगळे हसले. योगेंद्रही हसला, पण जरा उशिरा.

नीरजनं चिठ्ठ्या वाटल्या. कोणी सरपंच व्हायचं, कोणी नागरिक, कोणी काय विचारायचं, सगळं छापलेलं. सरपंचाची चिठ्ठी अर्थातच प्रेमदासला मिळाली. पंचफुलाच्या वाट्याला 'नागरिक क्रमांक तीन' आला. तिच्या चिठ्ठीवर प्रश्न होता, 'आपल्या गावात बगीचा का नाही?' वरून सूचनाच होती म्हणे, की नमुना सभेत गावातला खरा विषय घेऊ नये, भांडणं होतात. काल्पनिक विषय घ्यावा.

"आता इतिवृत्त लिहायला एक वही हवी," नीरज म्हणाला. "आणि शेवटी सगळ्यांच्या सह्या घेऊ."

सही हा शब्द कवडूच्या कानावर पडला आणि त्याचे पाय आपोआप ग्रामपंचायतीकडे वळले. वीस वर्षं झाली, ह्या गावात सही म्हटलं की लाल रजिस्टर. त्यानं ते आणून नीरजसमोर ठेवलं. योगेंद्र तेव्हा रथामागे चिवड्याची पाकिटं मोजून घेत होता, त्यानं पाहिलं नाही. नीरजनं कोरं पान उघडलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ग्रामसभा, सावळखेडी', आणि तारखेची जागा मोकळी सोडली. सभा काल्पनिक, तर तारीख कशाला.

पंचफुलाचा नंबर आला. तिनं चिठ्ठी लांब धरून वाचली. मग चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली.

"बगिचा तं आहे, सायेब," ती म्हणाली. "माहाच आहे. वांग्याचा. तिथं जायाले रस्ता नाई. पांधणीवर गोठा आहे. तो हटवाचा ठराव घ्या."

पटांगणातल्या सगळ्या माना प्रेमदासकडे वळल्या. नीरजला गोठा कोणाचा ते काय माहीत. साठातल्या आतापर्यंत झालेल्या चाळीस गावांत लोकांनी फक्त चिठ्ठ्या वाचल्या होत्या, इथं पहिल्यांदा कोणी स्वतःचं बोललं. पोरगा हरखून गेला.

"उत्तम. उदाहरण म्हणून हाच विषय घेऊ. आता सरपंच काय म्हणतात?"

माइक प्रेमदासपुढे आला. समोर कॅमेरा. डोक्यावर नीरजच्या सोबत्यानं उडवलेला ड्रोन भुणभुणत होता. प्रेमदासनं विचार केला, खोटं-खोटंच आहे, कोणाच्या बापाचं काय जातं. शिवाय व्हिडिओ वरपर्यंत जाणार. तो उभा राहिला.

"गोठा माहाच आहे," तो म्हणाला. "मी लपवत नाई. पन गावाच्या पुढं गोठा काय, अन् सरपंच काय. ठराव मंजूर असन तं मी माह्या हातानं तो गोठा काढीन."

लोकांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. नीरजनं हात वर करायला सांगितले. एकजात सगळे हात वर झाले. प्रेमदासनं स्वतःचे दोन्ही केले. मग एकशे त्रेसष्ट सह्या झाल्या, चिवडा वाटला, नीरजनं कवडूला रजिस्टर परत दिलं आणि रथ पुढच्या गावाला जागं करायला निघून गेला.

एक मेला नेहमीची सभा झाली. अकरा माणसं, तहकूब, चहा. संध्याकाळी योगेंद्रनं रजिस्टर उघडलं आणि त्याला नीरजनं भरलेलं पान दिसलं. रजिस्टरच्या पानांना नंबर होते, प्रत्येक पानावर पंचायत समितीचा शिक्का होता. पान फाडलं तर नोकरी फाटली. तो कपाळाला हात लावून बसला. मग हळूहळू त्याच्या डोक्यात दुसराच उजेड पडला.

त्या वर्षी वरून नवा हुकूम होता. ग्रामसभेचा व्हिडिओ पाठवा, जिथं लोकसहभाग जास्त त्या गावाचा वर्ध्याला सत्कार. योगेंद्रकडे व्हिडिओ नव्हता, आता रथवाल्यांनी पाठवलेला होता. कोरम नव्हता, आता एकशे त्रेसष्ट जण होते, आणि सह्या दारोदार फिरून गोळा केलेल्या नव्हत्या. तारखेची जागाही देवानंच मोकळी ठेवलेली. त्यानं तिथं लिहिलं, एक मे. शीर्षकाखाली नीरजनं सोडलेल्या मोकळ्या ओळींत बारीक अक्षरात आपले तीन ठराव कोंबले: पाणीपट्टी, दिवाबत्ती, मागील इतिवृत्त कायम करणे. खाली नीरजचा गोठ्याचा ठराव होताच. त्याला चौथा नंबर दिला. त्याच्याखाली सह्या.

"ते चौथ्याचं काय?" प्रेमदासनं विचारलं.

"वाचते कोन?" योगेंद्र म्हणाला.

त्याचा अनुभव मोठा होता. पण व्हिडिओ वाचावा लागत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सावळखेडीचा सत्कार ठरला. टाळ्या वाजवायला गावातून एक ट्रॅव्हल्स भरून माणसं नेली. बायांना एकसारख्या पिवळ्या साड्या दिल्या. पंचफुलाला जायचं नव्हतं. जयाला आठवा सरत आला होता, पायाला सूज होती. पण जयाच म्हणाली, "जा ना आई. साडी तं भेटते."

वर्ध्याच्या सभागृहात गारेगार हवा होती आणि खुर्च्या इतक्या मऊ की सुमित्राबाईला स्वागतगीतातच डुलकी लागली. मंचावर जिल्ह्याचे मोठे साहेब, त्यांच्या शेजारी फेटा बांधलेला प्रेमदास. मागच्या मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लागला. आधी ड्रोनमधून दिसलेलं सावळखेडी, इतकं सुंदर की गावच्या लोकांनाही ओळखू येईना. मग पटांगण. मग पंचफुला, दोन हात उंच, चिठ्ठी कमरेला खोचताना. आणि मग प्रेमदास. "माह्या हातानं तो गोठा काढीन." भोंग्यातून ते वाक्य सभागृहात घुमलं.

प्रेमदासचा फेटा एकदम घट्ट झाल्यासारखा दिसला.

मोठे साहेब उठून उभे राहिले. साहेब नवे होते, त्यांचा अजून लोकांवर विश्वास होता. "स्वतःचं अतिक्रमण स्वतः काढणारा सरपंच मी पहिल्यांदा पाहतो आहे," ते म्हणाले. "काढलात ना गोठा?"

"हो... काढला, साहेब."

"आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या ताई आल्या आहेत का? त्यांनाही वर बोलवा."

पंचफुला वर गेली. तिच्या हातात कोणीतरी नारळ दिला, कोणीतरी माइक.

"ताई, रस्ता मोकळा झाला ना?"

समोर पाचशे माणसं. बाजूला प्रेमदास, त्याचे डोळे तिला हात जोडत होते. पंचफुलाला दोन्ही बाजू दिसल्या. नाही म्हणावं तर चौकशी लागेल. चौकशी म्हणजे फाईल, फाईल म्हणजे तालुका, जिल्हा, पुन्हा तालुका, आणि जयाला उरला होता एक महिना. फाईलला दिवस जातात, पण तिची तारीख कोणी देत नाही. हो म्हणावं तर गोठा जन्माचा तिथंच राहिला. तिनं पदर सावरला, नारळ काखेत धरला. सगळ्यांना वाटलं, बाई लाजली.

"साहेब," ती शेवटी म्हणाली, "सरपंचजी म्हनते तं झालाच असन. पन माह्या सांगन्यावर काऊन जाता? तुमीच या. माह्या घरी चहाले या. चारचाकी घेऊनच या, डांबरीवर नोका ठेवू. पार दारापर्यंत आना."

साहेबांना ते फार आवडलं. लोकांनी एवढ्या आपुलकीनं बोलावलं नव्हतं त्यांना कधी. "नक्की येईन," ते माइकवर म्हणाले. "न कळवता येईन."

परतीच्या प्रवासात प्रेमदास सत्कारात मिळालेली ढाल मांडीवर घेऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गोठ्याची तार निघाली, नऊला टिनं, दुपारपर्यंत गव्हाण. ग्रामपंचायतीतून मुरमाचे चार ट्रॅक्टर पांधणीवर पडले. टिनं, लाकडी बल्ल्या मात्र त्यानं लांब नेल्या नाहीत. तिथंच बाजूच्या बाभळीखाली रचून ठेवल्या, वरून ताडपत्री घातली.

"साहेब येऊन गेले की पाहू," तो कवडूला म्हणाला.

साहेब काही आले नाहीत. त्यांनी मनापासून सांगितलं होतं, पण साहेबांची मनं फार आणि दिवस थोडे. पंचफुलानं पहिल्या आठवड्यात खरंच साखर, चहापत्ती आणून ठेवली, दोन नव्या कपबशाही. मग तिनंही ओळखलं. पण ओळखलं हे दाखवणारी ती नव्हती. प्रेमदास रस्त्यात भेटला की तो विचारायचा, "साहेबाचा काही निरोप, वयनी?" आणि ती म्हणायची, "न सांगता येतो म्हनाले ना जी. आज येते का उद्या, कोनं सांगावं." दर चारआठ दिवसांनी जामहून कोणीतरी बाई भाजी विकून यायची आणि पारावर सहज बोलायची, पांढरी गाडी उभी होती म्हणे चौकात, सावळखेडीचा रस्ता विचारत होते. मग ताडपत्री पुन्हा आठ दिवस निघायची नाही. ही युक्ती बायांना कोणत्या रथानं शिकवली नव्हती.

ऑगस्टच्या नऊ तारखेला सकाळी जयाच्या कळा सुरू झाल्या. रात्रभर पाणी पडलेलं. वैभवनं फोन लावला, पंचफुला ओसरीत उभी राहून वाटेकडे पाहत होती. तिला मागची खाट आठवत होती, तो घसरलेला पाय आठवत होता. मग पांधणीच्या तोंडातून ॲम्ब्युलन्स आत आली, मुरमावरून हेलकावे खात, वांग्याच्या वाफ्यापर्यंत. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "चला मावशी, लवकर." पंचफुला आधी रडली आणि मग चालायला लागली. त्या दिवशी दुपारी सेवाग्रामला मुलगी झाली. रडणारी, हातपाय मारणारी, जिवंत.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशी लागलं, 'सरपंचांच्या प्रयत्नांमुळे मातेस व बाळास जीवदान.' असू द्या. फळ्यानं कोणाचं पोट भरत नाही आणि दुखतही नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, सभा झाली, तहकूब झाली. दिवेलागणीला कवडू रजिस्टर काखेत मारून वाडीत आला. येताना पायाला चिखल लागला नव्हता म्हणून खुशीत होता.

"काकू, सही."

पंचफुलाचे हात पिठात होते. तिनं सवयीनं पदराला पुसले आणि पेनाला हात लावला. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली जया म्हणाली, "आई, वाचाले सांगतलं होतं ना त्या रथवाल्यानं."

"अवो, भाकर करपते," कवडू म्हणाला.

"करपू दे," जया म्हणाली. बारावी झालेली पोरगी. तिनं रजिस्टर ओढून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. "ठराव क्रमांक तीन. पांधणीच्या तोंडाशी जनावरांसाठी पूर्वीप्रमाणे निवारा उभारण्यास सर्वानुमते मंजुरी. सूचक, पंचफुलाबाई."

"सूचक म्हंजे?" पंचफुलानं विचारलं.

"म्हंजे हे तुमीच सांगतलं. तुमी म्हनलं, गोठा बांधा."

कवडू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. खरं तर त्यानंही वीस वर्षांत हे रजिस्टर कधी वाचलं नव्हतं. त्याला फक्त पान उघडून धरायचं माहीत होतं.

'पूर्वीप्रमाणे' हा शब्द जयाला खटकला. ती मागची पानं उलटत गेली. कवडूनं हात पुढे केला, पण बाळंतिणीच्या हातून काही ओढून घेणं त्याला जमेना. नऊ वर्षं मागे गेल्यावर ती थांबली. तिनं वाचलं नाही, नुसतं सासूकडे पाहिलं आणि बोट ठेवलं.

'पांधणीवर तात्पुरता गोठा बांधण्यास सरपंचांना मंजुरी. सूचक, पंचफुलाबाई.' आणि खाली सह्यांच्या रांगेत, तिसऱ्या ओळीत, तिची स्वतःची सही. 'फु' चा उकार घाईत खाली घसरलेला. पानाच्या त्या कोपऱ्यावर पिठाच्या बोटाचा ठसाही होता, वाळून पिवळा पडलेला.

नऊ वर्षं पंचफुला त्या गोठ्याच्या बाजूनं आडवी होऊन निघाली होती. दोन वर्षं तिनं गोठ्यावर थुंकून त्या माणसाला रोज शाप दिले होते. आणि त्या लेकराची वाट अडवायचा कागद तिनंच भाकर उलटण्याआधी सही करून दिला होता. तिला इतकी लाज वाटली की जयाकडे बघवेना. चुलीवरची भाकर खरंच करपली, घरभर वास सुटला, कोणी उठलं नाही.

"तुमाले का मालूम होतं, आई," जया हळूच म्हणाली.

"वाचता तं येत होतं मले," पंचफुला म्हणाली.

मग तिनं पेन मागितला. कवडूनं सुटकेचा निःश्वास टाकत तो दिला. तिनं आजच्या पानावर, आपल्या नावासमोर, जिथं सही करायची त्या चौकटीत, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: 'वाचलं. मी असं म्हनली नाई. मंजूर नाई.' आणि त्याच्याखाली सही केली. ह्या वेळेला 'फु' चा उकार नीट आला.

कवडूचा चेहरा उतरला. "काकू, हे काय केलं जी? आता हे पान..."

"पानाले नंबर आहे ना?"

"आहे."

"शिक्का आहे?"

"आहे जी."

"मंग ने. अजून लय घरं बाकी असन तुले."

कवडू रजिस्टर छातीशी धरून पांधणीनं निघाला. बाभळीखाली ताडपत्रीजवळ तो जरा थांबला, पण पान फाडायची त्याची छाती झाली नाही, आणि सह्यांशिवाय मोकळं रजिस्टर सरपंचापुढे न्यायचीही नाही. तो पुढच्या घरी गेला. सुमित्राबाई कणीक मळत होती. त्यानं पान उघडून बोटानं जागा दाखवली. तिनं हात पुसले, वरच्या चौकटीतली तीन वाक्यं पाहिली, आणि पेन घेतला नाही.

"थांब," ती म्हणाली. "चष्मा आणू दे."